कुबल बाईंची सपाट छत्री

परवा आमच्या कॉलेजात, म्हणजे सांगलीला, एका तरुण प्राध्यापकाचं व्याख्यान झालं. विषय होता रिफ्लेक्टअ‍ॅरे अँटेनाची बँडविड्थ वाढवण्याच्या पद्धती. माणूस हुशार. ढीगभर स्लाइड्स दाखवल्या, एकही चूक नाही. पण तासाभरात ना कुठे झांज वाजली, ना एखादं मांजर आलं, त्यामुळे माझं काही लक्ष लागेना. शेजारच्या सरांनी कोपराने ढोसून विचारलं, "हसताय काय हो?" आता त्यांना काय सांगणार, कपाळ? हा विषय मी कुबल बाईंकडे शिकलोय.

कुबल बाई मालवणजवळच्या एका छोट्याशा इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर उभ्या होत्या. साधी सुती साडी, पायात पोरांचे असतात तसले स्पोर्ट्स शूज, गळ्यात शिंप्यासारखी टेप आणि तोंडात दोन स्क्रू. मी फोंडा घाट उतरून, दोन एसट्या बदलून त्यांच्यासमोर उभा. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात नेमणुकीचं पत्र. बाईंनी स्क्रू हातात घेतले आणि विचारलं, "खंयसून इलात?"

"सांगलीहून. मी पाटील. नवीन लेक्चरर."

"घाटावरचे. मासे खातात काय?"

"नाही."

"अरे देवा!" बाईंना माझी मनापासून दया आली. "बरा, ता टेबल धरा जरा. हलता."

पुढचं वर्षभर मी ते टेबल धरूनच होतो म्हणा ना.

फळ्यासमोर बाईंचं मराठी अगदी पुस्तकी. रागावल्या किंवा खूश झाल्या की मात्र मालवणी सुरू व्हायची, आणि या दोन्हींपैकी नक्की काय झालंय हे पहिल्या वाक्यात कळायचं नाही. त्यामुळे मालवणी सुरू झाली की वर्ग सावध. "मेल्या" हा शब्द दोन्हीकडे चालायचा. एखादा विद्यार्थी धावत येऊन "मॅडम, सिग्नल गेला" म्हणाला की बाई म्हणायच्या, "काय झाला ता सांगू नको. कित्याक झाला ता सांग." पोरगं 'का झालं' ते शोधायला आल्या पावली परत. प्रयोग चालू असताना त्या कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. डबा उभ्यानेच खायच्या. त्यांच्या डब्यात सुरमईची आमटी असायची, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या डब्याला एक कप्पा वाढला. त्यात काळ्या वाटाण्याचं सांबारं. "उपाशी माणसाच्या हातात मी मीटर देत नाय," एवढंच त्याचं कारण सांगितलं.

आणि गाऱ्हाणं! ते विसरून कसं चालेल? तळकोकणात कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. बाई ते प्रत्येक मापनाआधी घालायच्या. कॉलेजमागच्या सड्यावर, जांभ्या दगडाच्या त्या उघड्या माळावर, बांबूला अँटेना बांधलेली. पोरं हात जोडून गोल उभी. आणि बाई खड्या आवाजात, "बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज ह्या पोरांनी ही जी काय छत्री उभी केलेली आसा, तिच्या मधल्यापासून कडेपर्यंतच्या सगळ्या लहरी एकाच टायमाक पोचूंदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि कोणा मेल्याचो कनेक्टर ढिलो रवलेलो असात, तर तो आत्ताच गावूंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हणता म्हणता एखादा पोरगा गुपचूप वाकून कनेक्टर आवळायचा. दरवेळी. एकदा तपासणीला आलेली कमिटी तिथे टाय लावून उभी होती. प्रिन्सिपलसाहेबांना घाम फुटला. पण दुसऱ्या ओळीपासून कमिटीचे अध्यक्षच सगळ्यात मोठ्यानं "व्हय म्हाराजा" करायला लागले. ते शिरोड्याचे, म्हणजे तिकडचेच निघाले.

आता छत्रीचं सांगतो. डिश अँटेनाला तिकडे सगळे छत्रीच म्हणतात. कॉलेजसमोर खाडी, खाडीपलीकडे पैलवाडी. पंचवीस-तीस घरं, मागे डोंगर, मोबाइलला रेंज नाही. वाडीत शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासूनची अकरा मुलं होडीने अलीकडच्या शाळेत यायची. पावसाळ्यात वारा वाढला की होडी बंद. कधी दोन दिवस, कधी आठ. बाईंनी खटपट करून परवाना मिळवला आणि सड्यावरून वाडीतल्या शाळेपर्यंत एक रेडिओ लिंक उभी केली. होडी बंद असेल त्या दिवशी आम्ही मास्तर मंडळींनी कॉलेजातून तास घ्यायचे, आणि मुलांनी वाडीतल्या वर्गात बसून पडद्यावर बघायचे.

मी रुजू झालो त्याच पावसाळ्यात वाऱ्याने वाडीतली छत्री उचलली. सापडली कुठे, तर एका गोठ्याच्या छपरावर, आणि म्हैस बिचारी दावं तोडून पळालेली. आदल्या वर्षीही हेच झालं होतं. तेव्हा बाई म्हणाल्या, "वाऱ्याक धरूक कायच ठेवायचा नाय." आणि त्यांनी सपाट छत्री काढली.

सपाट छत्री म्हणजेच रिफ्लेक्टअ‍ॅरे. एक सपाट पाटी. तिच्यावर तांब्याचे शेकडो छोटे चौकोन छापलेले, आणि समोर दांडीवर एक छोटा हॉर्न, म्हणजे लहरी गोळा करणारं कर्ण्यासारखं तोंड. लहरी पाटीवर आपटून हॉर्नकडे येतात. मधल्या चौकोनावरून हॉर्नची वाट जवळची, कडेच्यावरून लांबची. म्हणून प्रत्येक चौकोनाचं माप जरा जरा वेगळं ठेवायचं, म्हणजे कोण किती रेंगाळतो ते ठरतं आणि सगळ्यांच्या लहरी हॉर्नपाशी एका तालात येतात. खोलगट डिशचं काम सपाट पाटी करते. भिंतीला चिकटवून टाका, वारा काय करणार?

छान बसली ती भिंतीवर. वादळातसुद्धा हलली नाही. पण तिच्यात एक खोट होती, आणि ही खोट या जातीच्या सगळ्याच अँटेनांत असते. ती एका ठरावीक फ्रिक्वेन्सीलाच नीट चालते, जरा बाजूला सरकलं की बिघडते. आमच्या परवान्यात जायची फ्रिक्वेन्सी एक आणि यायची दुसरी, लांबची. त्यामुळे आमचा आवाज वाडीत स्वच्छ पोचायचा, वाडीचा आवाज आमच्याकडे यायचाच नाही. तो अख्खा पावसाळा मी कॅमेऱ्याकडे बघून सहावीचं गणित शिकवलं. मधूनच "कळलं का?" असं विचारायचो, रीत म्हणून जरा थांबायचो, आणि पुढचं उदाहरण घ्यायचो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

बाईंना मात्र ते खुपत होतं. होडी सुरू झाल्यावर त्या एकदा वाडीत जाऊन आल्या आणि येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "पोरां ऐकतत रे पाटला. पण तू सांगतस ता त्यांच्या डोक्यात शिरता काय नाय, कोणाक म्हायत?"

मी म्हटलं, "मॅडम, काहीच नसण्यापेक्षा बरं ना?"

बाई चिडल्या नाहीत, म्हणून मला भीती वाटली. त्या पैलवाडीच्याच. आई मासे विकायची. सातवीत असताना होडी दहा दिवस बंद होती. परत शाळेत गेल्या तर वर्ग पुढे गेलेला, आणि मागचं विचारायची सोय नाही. मास्तर म्हणाले, इतके दिवस कुठे होतीस? त्या वर्षी बाई नापास झाल्या. हे त्यांनी मला उभ्या उभ्या सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "मी मठ्ठ नव्हतंय रे. माका विचारूक गावला नाय."

  बाई मे अखेर निवृत्त होणार होत्या. त्यांच्यामागे त्या प्रयोगशाळेत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायचं कॉलेजनं ठरवून टाकलं होतं. म्हणजे मेपर्यंत पाटी दोन्ही फ्रिक्वेन्सीवर बोलती झाली तर झाली, नाहीतर वाडीची पोरं पुढचे सगळे पावसाळे नुसती ऐकत बसणार.

दिवाळीनंतर वाडीतली पाटी उतरवून आणली आणि कामाला लागलो. बाई, मी आणि शेवटच्या वर्षाची सानिका. ही जामसंड्याची, अबोल, पण हात सोन्याचा. बाईंनी फळ्यावर दोनच ओळी लिहिल्या. एक, चौकोन सोवळा आहे. दोन, कडेचा चौकोन उशिरा येतो. सोवळा म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीला शिवून घेणारा, बाकीच्यांना लांब उभं करणारा. त्यावर उपाय पुस्तकात होता. चौकोनांचे दोन थर करायचे, खाली मोठा, वर लहान, मध्ये हलक्या पदार्थाचं अंतर. दोघांच्या आवडी थोड्या वेगळ्या, त्यामुळे जोडीनं पल्ला वाढतो. अंतरासाठी खास फोम लागतो. तो मागवायचा तर महिना जाणार. बाई म्हणाल्या, "थर्मोकोल चलात. मी आणतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बंदरावरून पांढराशुभ्र थर्मोकोलचा खोका घेऊन आल्या. सानिकानं हळूच विचारलं, "मॅडम, हा कोरा आहे ना?" बाई कडाडल्या, "म्हावऱ्याच्या खोक्यात माझो जलम गेलो, आणि तू माका इचारतस?"  आम्ही पातळ चकत्या कापल्या, थर चढवले, गाऱ्हाणं घातलं, मोजलं. आणि आधीपेक्षा वाईट! आकडे तर बघवत नव्हते. कनेक्टर बदलले, केबली बदलल्या, सगळे चौकोन नव्याने छापले. दहा-बारा दिवस पाण्यात गेले. बाईंचा आवाज बसला.

एवढ्यात माझ्या लक्षात आलं की हल्ली प्रयोगशाळेत मांजरं फार येतात. कॅन्टीनची तीन आणि कुठली कुठली दोन. पाटी ठेवली की तिच्याभोवती घुटमळायची, एक तर चाटायलाच लागलं. मी हे बाईंना गंमत म्हणून सांगितलं. बाईंनी मांजराकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, पाटी उचलली आणि थर्मोकोलच्या कडेला सरळ जीभ लावली.

"खारट," त्या म्हणाल्या.

खोका वापरलेला होता. बर्फाचं आणि माशांचं खारं पाणी दाण्यादाण्यात मुरलेलं. कोणीतरी वरून धुऊन वाळवला आणि बाईंना तो कोरा वाटला. खारं पाणी लहरी पिऊन टाकतं, हे बाईच दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवायच्या. त्या आधी इतक्या हसल्या की टेबलाला धरून उभ्या राहिल्या. मग सगळा वर्ग बोलावला आणि फळ्यावर लिहिलं, 'चूक: कुबल. कारण: माज.' आणि सानिकाला समोर उभं करून म्हणाल्या, "चेडवा, तू इचारलंस ता बरोबर होता. पुढच्या टायमाक माझ्यार आरड." सानिकाच रडायला लागली. मी इतकी वर्षं कॉलेजात काढली, पण फळ्यावर स्वतःचं नाव असं लिहिणारा दुसरा मास्तर मला भेटलेला नाही.

कोरा थर्मोकोल आला आणि पाटी बरीच सुधारली. पण यायच्या फ्रिक्वेन्सीला आकडे अजून कमीच पडत होते. आता फळ्यावरची दुसरी ओळ राहिली होती, कडेच्या चौकोनांची. एप्रिल अर्धा सरला, आणि त्यावर काही सुचेना.

अशात एका संध्याकाळी बाईंनी मला आणि सानिकाला गावच्या देवळात भजनाला नेलं. मला भजनातलं ओ की ठो कळत नाही. बुवा पेटीवर मधोमध, आणि झांजवाले भिंतीला टेकून एका सरळ रांगेत बसलेले. रांगेच्या टोकाला जनाकाका. त्यांना तिथून बुवांचा हात दिसेना, म्हणून ते शेजारच्याचा हात बघून वाजवत होते, शेजारचा त्याच्या शेजारच्याचा. असं होत होत जनाकाका बरोबर एक ठोका मागे. बाई माझ्या कानात म्हणाल्या, "ऐक. कळता काय?" काही कळत नव्हतं. पुरता एक ठोका मागे असलेला माणूस तालातच वाटतो. मग बुवांनी लय वाढवली. जनाकाकांचा उशीर होता तेवढाच राहिला, पण ठोके जवळ आले, आणि त्यांची झांज दोन ठोक्यांच्या मध्येच वाजायला लागली. सगळं भजन विस्कटलं.

"ह्यो बघ आपलो कडेचो चौकोन," बाई म्हणाल्या. "एका लयीत शहाणो, लय बदलली की उघडो!"

बुवा थांबले. वैतागून म्हणाले, "अरे भिंत सोडा! माझ्याभोवती बसा बघू!" रांग सरकली, टोकं पुढे वळली, अर्धगोल झाला. आता जनाकाकांना बुवांचा हात थेट दिसत होता. पुन्हा भजन सुरू झालं, लय वाढली, आणखी वाढली, जनाकाका सगळ्यांबरोबर.

"गावला!" बाई भर देवळात ओरडल्या. "मेल्या पाटला, गावला!" अख्खं देऊळ आमच्याकडे बघायला लागलं. मी आपलं देवाकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी करवत घेऊन आमची ती नाजूक पाटी तीन तुकड्यांत कापली. मला बघवेना. मधला तुकडा भिंतीला सपाट, दोन्ही बाजूंचे दोन पाचरी मारून हॉर्नकडे जरासे वळवलेले. हॉर्नही वीतभर लांब नेला. कडेच्या आणि मधल्या चौकोनांच्या वाटांतला फरक कमी झाला. मापं नव्याने काढून सानिकानं चौकोन पुन्हा छापले. पुस्तकात हा उपाय आहे, मी नंतर बघितलं. आम्हाला तो जनाकाकांनी दाखवला एवढंच. सड्यावर मोजलं तर दोन्ही फ्रिक्वेन्सींना आकडे एकसारखे. तरी बाई हसल्या नाहीत. "वाडीतसून आवाज येवंदे, मगे बघू," म्हणाल्या.

आणि मग मे महिन्याचा शेवटचा दिवस. मी बाईंना पाहिलं तो शेवटचा. नंतर वारा वाढला, होडी बंद झाली, बाई वाडीतच राहिल्या, आणि होडी सुरू व्हायच्या आत मला सांगलीची ऑर्डर आली. म्हणून तो दिवस जरा नीट सांगतो.

दुपारी चारला बाईंचा निरोप समारंभ होता. हॉलमध्ये शाल, श्रीफळ, खुर्च्या, सगळी तयारी. बाई मात्र सकाळीच पाटीचे तिन्ही तुकडे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, सानिकाला घेऊन होडीतून पलीकडे गेलेल्या. मी कॉलेजात पडद्यासमोर. तीन वाजले तरी पडदा काळाच. मी हेडफोन कानाला दाबून बसलो होतो. मला मासे चालत नाहीत, भजन कळत नाही, पण त्या दिवशी मी एकटाच बसून गाऱ्हाणं घातलं, आणि "व्हय म्हाराजा"ही मीच म्हटलं.

साडेतीनला पडदा उजळला. वाडीतला वर्ग. अकरा मुलं जमिनीवर बसलेली, सानिका भिंतीपाशी. आणि आवाज! खुर्चीवरून उडालोच मी. अकराही जणं एकदम बोलत होती. "सर दिसले! सर, तुमका ऐकाक येता?" मी ओरडलो, "येतंय रे, येतंय! एकेकानं बोला!"

सगळी चिडीचूप. मग दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली. "सर, मी रसिका. गेल्या पावसात तुम्ही अपूर्णांकांचा भागाकार शिकवलात ना, तो माका कळलोच नाय. उलटो कित्याक करतत?"

नऊ महिने ती पोरगी हा प्रश्न घेऊन बसली होती.  मी म्हटलं, "बस बाळ, सांगतो." भाकरीचे तुकडे काढून पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यानं विचारलं, त्याला सांगितलं. तिसरीनं विचारलं. घड्याळाकडे कोणाचं लक्ष होतं?

दार उघडून प्रिन्सिपलसाहेब आत आले. हातात घडी घातलेली शाल. "पाटील, सव्वाचार झाले. सगळे ताटकळलेत. बाई कुठे आहेत?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं. दाराजवळच्या कोपऱ्यात, मुलांच्या मागे, कुबल बाई चक्क जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. काम चालू असताना त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी मुलांना विचारलं, "काय, आता सगळ्यांना कळलं ना?"

"होऽऽ सर!" वर्ग ओरडला.

कोपऱ्यातून एक हात वर झाला. बाईंचा. दुसऱ्या हातानं त्यांनी शेजारच्या एका लहानग्याच्या पाठीवर थोपटलं. ते पोर मान खाली घालून बसलं होतं.

"सर," बाई म्हणाल्या, "ह्येका अजून कळूक नाय. परत सांगा."

साहेब शाल मांडीवर घेऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले, आणि मी परत सांगायला सुरुवात केली.